घनता की दाटपणा?

प्रश्न असा आला आहे: ताऱ्यांच्या वर्णपटाच्या जुन्या फोटोकाचा (फिल्मसारखा प्रकाशसंवेदी थर दिलेल्या काचा) तपासायचे ‘मायक्रोडेन्सिटोमीटर’ नावाचे यंत्र असते. त्याला ‘सूक्ष्मघनतामापक’ म्हणावे का?

माझे मत, म्हणू नये. ‘घनता’ म्हटले की वाचकाला वस्तुमान भागिले आकारमान आठवते. शाळेत प्रकाशाच्या धड्यात ‘विरल माध्यमातून घन माध्यमात जाणारा किरण स्तंभिकेकडे झुकतो’ असेही घोकलेले असते. यंत्राचा या दोन्हींशी संबंध नाही. त्यात काच सरकत्या तबकावर ठेवतात आणि मळसूत्र फिरवून ती एका बारीक प्रकाशरेघेखालून हळूहळू नेतात. पलीकडे किती उजेड पोचला ते प्रकाशघट मोजतो आणि कागदावर चढउतारांचा आलेख उमटतो. दहातला एक भाग उजेड पार गेला तर डेन्सिटी 1, शंभरातला एक गेला तर 2. म्हणजे हे लॉगॅरिथमचे माप आहे.

मग सरळ ‘काळेपणा’ का नको? जर्मन लोक तेच करतात; त्यांचा ‘श्वेर्ट्सुंग’ म्हणजे काळे पडणे. पण काच असते निगेटिव्ह. ताऱ्याच्या वर्णपटातल्या ज्यांना आपण ‘काळ्या रेषा’ म्हणतो, त्या काचेवर पांढुरक्या, पारदर्शक दिसतात. ‘काळ्या रेषेपाशी काळेपणा कमी’ हे वाक्य लिहून बघा, म्हणजे अडचण कळेल. (‘काळिमामापक’ तर नकोच, ते यंत्र भलत्याच गोष्टी मोजेल.)

इथे शब्दाचा उगम मदतीला येतो. फोटोकाचेवर जिथे उजेड पडतो तिथे चांदीचे काळे कण साचतात. इंग्लंडमधल्या हर्टर आणि ड्रिफील्ड या दोन संशोधकांनी 1890 मध्ये फोटोकाचांवरचे आपले काम प्रसिद्ध केले. त्यांच्या लेखी ‘डेन्सिटी’ म्हणजे काचेच्या एकक क्षेत्रफळावर साचलेली चांदी. यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: दाटपणा. रंग दाट लागतो, धुके दाट असते, तशी चांदी दाट बसते. ‘रेषेपाशी दाटपणा कमी’ यात काही खटकत नाही.

‘सूक्ष्म’चीही एक गोची आहे. सूक्ष्मदर्शक सूक्ष्म वस्तू दाखवतो, म्हणून सूक्ष्मघनतामापक अगदी थोडी घनता मोजत असेल असे वाटते. प्रत्यक्षात मोजण्याचा ठिपका बारीक असतो, दाटपणा कितीही असो.

आणखी एक घोळ टाळावा. ताऱ्याचा दृष्टिरेषेतला वेग, म्हणजे तो आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग, काढायला रेषांच्या फक्त जागा मोजतात, त्यांचा दाटपणा नव्हे. ते यंत्र वेगळे, कंपॅरेटर. त्यात सूक्ष्मदर्शकातली बारीक तार रेषेवर जुळवायची आणि मळसूत्रावरचा आकडा वाचायचा. मग काच उलटी फिरवून सगळे पुन्हा मोजायचे, म्हणजे मोजणाऱ्याच्या डोळ्याची खोड निघून जाते. त्याला ‘रेषास्थानमापक’ चालेल.

मायक्रोडेन्सिटोमीटर मात्र मी तसेच ठेवीन, आणि लिहीन: ‘मायक्रोडेन्सिटोमीटरने काचेचा दाटपणा ठिपक्याठिपक्याने मोजला.’