पृथ्वी सूर्यामुळे नाही तर माणसामुळेच तापतेय, हे क्लायमेट मॉडेलवरून कसं काय कळतं?

क्लायमेट मॉडेल म्हणजे पृथ्वीच्या हवामानाची कॉम्प्युटरवर गणिताने केलेली नक्कल. तेच मॉडेल दोनदा चालवून कळतं, एकदा फक्त सूर्य आणि ज्वालामुखींचे बदल देऊन आणि मग त्यात आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड, मिथेन, धुराचे कण वगैरे घालून. पहिल्या रनमध्ये १९५० नंतरची तापमानवाढ येतच नाही, दुसऱ्यात ती प्रत्यक्ष मोजलेल्या आकड्यांशी जुळते. आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या) २०२१ च्या रिपोर्टमध्ये सुरुवातीलाच हा ग्राफ आहे, जरूर बघा. पण मला त्याहून पक्का पुरावा वाटतो तो उंचावरच्या हवेचा. सूर्य जास्त तापला असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत गरम व्हायला हवं होतं, पण कार्बन डायऑक्साइड वाढला की खालचा थर तापतो आणि वरचा स्ट्रॅटोस्फिअर उलट थंड होतो, हे हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांनी १९६७ मध्येच मॉडेलमधून दाखवलं होतं (२०२१ चं फिजिक्सचं नोबेल त्यांनाही मिळालं) आणि पुढे सॅटेलाइटनी अगदी तसंच मोजलं. फक्त एक लक्षात ठेवा, हा भरवसा जगाच्या सरासरीपुरता. ही मॉडेल्स पृथ्वीचे चौकोन पाडून हिशोब करतात आणि एकेक चौकोन साधारण १०० किलोमीटरचा असतो, ढग त्याहून कितीतरी लहान, म्हणून ते अंदाजी सूत्रांनी धरावे लागतात, त्यामुळे एखाद्या छोट्या भागात पाऊस किती बदलेल हे एवढ्या खात्रीने सांगता येत नाही.