गॅस गिझरमुळे बेशुद्ध पडलेले ऐरोलीचे काका तीन आठवड्यांनी विसरायला लागलेत. त्यांच्या नातीला एमएलडी (मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी, मेंदू आणि नसांचा आनुवंशिक आजार) आहे. संबंध असेल का?

संबंध असू शकतो, पण काकांना नातीचाच आजार झालाय असं त्यावरून ठरत नाही. एमएलडीमध्ये अरिलसल्फेटेज ए हे एन्झाइम काम करत नाही, म्हणून सल्फेटाइड हा स्निग्ध पदार्थ साठून मेंदूतलं आणि नसांवरचं मायलिन, म्हणजे संरक्षक आवरण, खराब होतं. गॅस गिझरमधून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूच्या विषबाधेत असं होऊ शकतं: माणूस घरी येतो, चहा मागतो, पेपर वाचतो, आणि काही आठवड्यांनी चाल मंदावते, बोलणं आटतं, कधी लघवीवरचा ताबाही जातो. तिथेही मार मायलिनलाच बसतो. १९९० च्या दशकात, मेंदूचा ऑक्सिजन तुटल्यावर असं उशिरा बिघडलेल्या काही रुग्णांत हेच एन्झाइम कमी सापडलं, त्यावरून ही शंका आली. मात्र अशा केसेस मोजक्याच आहेत, आणि एन्झाइम नॉर्मल असूनही हा त्रास होतो. शिवाय ठणठणीत माणसातही ते कमी असू शकतं (असे रिपोर्ट वाचणं माझं रोजचं काम आहे), म्हणून सोबत लघवीतलं सल्फेटाइड आणि जीन तपासतात. नातीमुळे काका फार तर वाहक (सदोष जीनची एकच प्रत असलेले) असतील. वाहकाला एमएलडी होत नाही.

आधी न्यूरॉलॉजिस्टकडे न्या, गिझरचं पहिल्याच वाक्यात सांगा, एमआरआय लागेल. बरेच जण काही महिन्यांत सुधारतात. आणि तो गिझर बाथरूममधून आजच काढा, एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका.