अडतीस मुलं आणि एक बैल : टाकाऊ वस्तूंच्या कामाबद्दल वाचकांचे प्रश्न

टाकाऊ वस्तूंपासून सगळ्या वर्गाने मिळून एकच वस्तू कशी घडवावी, याबद्दल जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून पत्रं आली. त्यांपैकी पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गात ३८ मुलं आहेत. गेल्या पोळ्याला पुठ्ठ्याचा बैल केला, पण हात लागले सहा-सात जणांचेच. बाकीची मुलं 'खळ आण, कात्री दे' एवढ्यापुरती. शिवाय बैल धड उभाही राहिला नाही. यंदा बैल सगळ्यांचा व्हावा असं वाटतं. — एक शिक्षिका, ता. यावल

बैल आधी उभा केला आणि मुलं नंतर त्याच्याभोवती जमवली, की असंच होतं. एका बैलाभोवती एका वेळी सहाच मुलं मावतात. म्हणून बैल सुट्या भागांत करायचा आणि जोडणी शेवटच्या दिवशी ठेवायची.

धड १२० सें.मी. लांब, ३५ रुंद, ४० उंच. पाय ६० सें.मी. चार पायांना तीन-तीन अशी १२ मुलं, धडाला ६, डोकं आणि मानेला ५, शिंगं-कानांना ३, वशिंड आणि शेपटीला ३, आणि झुलीच्या शिवणीला ९. झाली ३८. भाग चिठ्ठी टाकून वाटा. 'ज्याला चित्र चांगलं येतं त्याला डोकं' असं केलंत, की पुन्हा तीच सहा मुलं पुढे येतील.

धडासाठी केळी भरायची जाड खोकी तुमच्या भागात सहज मिळतात. पुठ्ठ्याच्या आत पन्हळी असते, तिच्याकडे लक्ष द्या. वजन पेलायचं तिथे पन्हळी उभी हवी. आडवी ठेवली तर पुठ्ठा मध्येच मुडपतो. पायांना पुठ्ठा नकोच. कापडाच्या ताग्यातून निघणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या दुकानदार आनंदाने देतात. अशा तीन नळ्या सुतळीने एकत्र आवळल्या की एक पाय. म्हणजे बारा मुलांना बारा नळ्या, प्रत्येकाची स्वतःची.

बैल डुगडुगतो तो बहुतेक वेळा पट्टीमुळे. शाळेतल्या पट्टीवर शून्याची खूण कडेपासून थोडी आत असते. काही मुलं कडेपासून मोजतात, काही शून्यापासून, आणि चारही पाय वेगळे निघतात. पट्टी देऊच नका. एकाच दोरीचे ६० सें.मी.चे चार तुकडे तुम्ही कापा आणि प्रत्येक गटाला एक द्या. पाय फाकतात ते वरच्या वजनाने. त्यासाठी चारही पाय खाली जुन्या फळीवर बांधा आणि मधून सुतळीची फुली ताणा. धडात पाय निदान १० सें.मी. आत गेले पाहिजेत; नुसते खालून चिकटवले तर जोडणीच्या दिवशीच निखळतील. हिशेब धरला तर बैल खांद्याला ९० सें.मी. भरतो, चौथीच्या मुलाच्या छातीएवढा.

आता झूल. खरं सामूहिक काम इथे आहे. प्रत्येक मूल १५ सें.मी.चा एक चौकोन करतं. शिंप्याकडच्या चिंध्या १७ सें.मी.च्या कापायच्या, म्हणजे शिवणीला चारही बाजूंनी १ सें.मी. सुटतो. सहा ओळींत सात असे ४२ चौकोन लागतात. अडतीस मुलांचे, दोन शिक्षकांचे, एक खिचडी शिजवणाऱ्या ताईंचा आणि एक गेल्या वर्षीच्या चौथीतल्या कुणाचा तरी. झूल ९० बाय १०५ होते. पाठीचे ३५ आणि दोन्ही कुशींचे ३५-३५ मिळून १०५, म्हणजे धडावर ती बरोबर बसते.

सगळ्यांनी मनाला येईल ते केलं तर गोधडीच होते, चित्र नाही. म्हणून एकच नियम घाला : चौकोनाच्या प्रत्येक बाजूच्या मध्यावर, म्हणजे शिवणीच्या रेघेवर साडेसात सें.मी.ला, २ सें.मी. रुंद लाल पट्टा कडेला टेकला पाहिजे. आतून तो कसाही फिरू दे, त्यात फुलं येऊ देत, केळीचं पान येऊ दे, आजीची बकरी येऊ दे. चौकोन जोडले की लाल वेल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाते. ज्याचा पट्टा चुकला त्याला शेजारचा मुलगाच सांगतो, गुरुजींना बोलावं लागत नाही. हे बोलणं अहिराणीत, पावरीत, ज्या बोलीत होईल त्या बोलीत होऊ द्या. काम करताना मूल घरच्या भाषेतच विचार करतं.

शिंगांना हिंगूळ लावण्याची आपली रीत आहे, पण खरा हिंगूळ पाऱ्याचं संयुग आहे. मुलांच्या हाती तो द्यायचा नाही. गेरू वापरा. बेगडीऐवजी बिस्किटाच्या पुड्याची आतली चंदेरी बाजू चालते.

प्रश्न : कागदाच्या लगद्याचं डोकं केलं. आठ दिवसांत वास सुटला, वर हिरवट बुरशी आली. लगद्यात काय चुकलं? — एक शिक्षक, ता. अमळनेर

लगदा बरोबर असेल, महिना चुकला. पोळा श्रावणी अमावास्येला. त्या दिवसांत हवेत इतकी ओल असते की बोटभर जाडीचा लगदा आतून वाळतच नाही, आणि खळीतलं पीठ बुरशीला आयतं मिळतं. पावसाळ्यात लगदा करू नका, कागदाच्या पट्ट्या वापरा.

खळ अशी : १०० ग्रॅम मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, एकूण अर्धा लिटर पाणी होईल असं बाकीचं उकळतं पाणी घालायचं, मंद आचेवर पाच-सात मिनिटं ढवळायचं. पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी दिसू लागली की उतरवा आणि चमचाभर तुरटीची पूड घाला. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत. ते विष आहे, शाळेत नको. खळ रोज ताजी करा. दुसऱ्या दिवशी आंबूस वास आला तर टाकून द्या, 'वाया जाईल' म्हणून वापरू नका.

वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. सरळ फाटतं ती दिशा मुलांना शोधू द्या आणि ३ सें.मी.च्या पट्ट्या हाताने फाडा. कात्रीने कापलेली कड जाड राहते, फाडलेली बेमालूम बसते. गुळगुळीत रंगीत मासिकाचा कागद खळ पीत नाही, तो वगळा. पहिला थर वर्तमानपत्राचा, दुसरा जुन्या वह्यांचा, तिसरा परत वर्तमानपत्राचा. थर आळीपाळीने वेगळे असले की कुठे राहून गेलं ते पहिलीच्या मुलालाही दिसतं. एका दिवशी एकच थर, वर पंखा. वाळलं की नाही ते गालाला लावून बघा : गार लागलं तर आत ओल आहे. वरून वाळलेलं दिसलं म्हणून रंग दिला, की ओल आत कोंडते आणि बुरशी पुन्हा येते.

लगदाच करायचा असेल तर दिवाळीनंतर करा. अर्धा किलो वर्तमानपत्राचे नखाएवढे तुकडे चोवीस तास भिजत घालून कुटा आणि घट्ट पिळा. त्यात भिजवून वाटलेल्या ५० ग्रॅम मेथ्या आणि वरची खळ घाला. पोळीच्या कणकेइतका घट्ट हवा. मेथीचा चिकटपणा लगदा धरून ठेवतो. घरच्या जुन्या कागदी टोपल्या अशाच केलेल्या असायच्या, आजीला विचारा. एका वेळी अर्ध्या सें.मी.पेक्षा जाड थर नको. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास करत असाल तर उलटी अडचण येते. तेव्हाच्या उन्हात वरचा थर झपाट्याने वाळून आक्रसतो, आतला ओलाच असतो आणि तडे जातात. तेव्हा सावलीत वाळवा.

प्रश्न : बाटल्यांच्या झाकणांचं मोठं चित्र व्हरांड्याच्या भिंतीवर पांढऱ्या गोंदाने चिकटवलं. महिनाभरात अर्धी झाकणं खाली आली. कोणता गोंद वापरावा? — एक मुख्याध्यापक, ता. शिरपूर

गोंद बदलू नका, गोंदच सोडा. पांढरा गोंद पाणी शोषणाऱ्या वस्तूंसाठी असतो : कागद, लाकूड, कापड. झाकण पाणी पीत नाही आणि त्याच्या प्लास्टिकला बहुतेक गोंद नीट धरतच नाहीत. त्यातून आपल्याकडचा उन्हाळा. प्लास्टिक तापून फुगतं, निवून आकसतं, भिंत तेवढी हलत नाही आणि गोंदाचा थर सुटतो. बंदुकीतला गरम गोंद तर मे महिन्यात मऊ पडतो, शिवाय बोटं भाजतात.

झाकणं जाळीला तारेने बांधा. लाकडी चौकटीवर अर्धा इंची लोखंडी जाळी ठोका. प्रत्येक झाकणाला १ सें.मी. अंतरावर दोन भोकं हँड ड्रिलने पाडायची, हे काम मोठ्या माणसाचं. तापलेल्या दाभणाने भोकं पाडू नका, प्लास्टिकचा धूर मुलांच्या नाकात जातो. बारीक तार समोरून दोन्ही भोकांत घालून मागे जाळीला दोन पीळ द्यायचे आणि टोकं आत वाकवायची. तिसरीच्या मुलांना हे जमतं. पहिली-दुसरीने झाकणं धुणं, रंगाप्रमाणे निवडणं आणि शंभर-शंभरच्या पिशव्या भरणं करावं. शतक-दशक-एकक शिकवायला याहून चांगलं साधन नाही.

पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३ सें.मी.चं. म्हणजे एका चौरस फुटात शंभर बसतात. ४ बाय ३ फुटांच्या चौकटीला बाराशे. पंधराशे गोळा करा, कारण काही तडकतात आणि रंगांचा मेळ बसत नाही. बहुतेकांची चूक होते ती इथे : चित्र आधी काढतात आणि मग पिवळी झाकणं शोधत फिरतात. आधी मोजा, मग चित्र ठरवा. पांढरी आणि निळी सर्वांत जास्त निघतात, तर तापी काढा. हिरवी बऱ्यापैकी असतील तर काठावर केळीच्या बागा आणि मागे सातपुडा. झाकणांना रंग देऊन कमी भरून काढू नका. पोस्टर कलर गुळगुळीत प्लास्टिकवर टिकत नाही, नखाने निघतो.

चौकट कडक ऊन लागणार नाही अशा भिंतीवर लावा. रंग तर उडतातच, प्लास्टिकही ठिसूळ होतं.

प्रश्न : शाळेने 'घरातलं टाकाऊ आणा' असं सांगितलं. मुलगा शेतातल्या रिकाम्या बाटल्या घेऊन निघाला होता. शाळेने काय मागवावं याला काही नियम आहेत का? — एक पालक, ता. शहादा

तुम्ही अडवलंत ते फार बरं केलंत. कापसाच्या पट्ट्यात 'टाकाऊ आणा' एवढंच सांगणं धोक्याचं आहे. कीटकनाशकाची बाटली कितीही धुतली तरी चालत नाही. तिच्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषारीपणाची पायरी सांगतो. हिरवा म्हणजे निर्धोक असा समज आहे तो चुकीचा, हिरवाही विषाचाच. कपाशीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, म्हणून त्याची पाकिटंही नकोत. सलाइनच्या नळ्या, इंजेक्शनं, सेल, ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे नकोत. फुटक्या बांगड्याही प्राथमिक वर्गांना नकोत. चंदीगडचं रॉक गार्डन, १९७६ साली लोकांसाठी खुलं झालेलं, नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि फरश्यांतून उभं केलं. त्याचे फोटो मुलांना जरूर दाखवा, पण काच हातात देऊ नका.

गुटख्याच्या पुड्या चमकतात म्हणून मुलं वेचून आणतात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि त्या पुड्या कुणाच्या तरी तोंडून आलेल्या असतात. त्या कलाकृतीत येता कामा नयेत. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

शाळेने चिठ्ठीत नेमकी नावं लिहावीत : दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, वर्तमानपत्र, खोकी, सुती चिंध्या. दुधाची पिशवी घरीच तीन बाजूंनी कापून, धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात धुऊन, उलटी करून वाळवलेली हवी. न कापता धुतली तर कोपऱ्यात दूध राहतं, आणि दोन दिवसांत वर्गात बसवत नाही. शेतातलं काही हवंच असेल तर केळीचं वाळलेलं सोपट आणा. पाणी शिंपडून अर्धा तास ठेवलं की ते वळतं, विणता येतं. ज्वारीची धांडं गाडी करायला उत्तम, मात्र त्यांची साल पात्यासारखी कापते. सोलणं मोठ्यांनी करावं.

प्रश्न : प्रदर्शन झाल्यावर ही सगळी वस्तू खोलीत धूळ खात पडते. ठेवावी की मोडावी? — एक शिक्षक, ता. साक्री

मोडा, पण मुलांनीच मोडावी आणि ती कशी मोडायची हे करायच्या आधी ठरवावं. झाकणं तारेने बांधलेली असली तर सुटतात आणि भंगारवाला घेतो. गोंदाने, रंगाने माखलेली तो घेत नाही. पुठ्ठा चिकटपट्टीऐवजी सुतळीने बांधला असेल तर रद्दीत जातो. खळीने चिकटवलेलं डोकं आणि शिंगं फोडून खतखड्ड्यात टाका, आतली तार मात्र आधी ओढून घ्या. काहीही चुलीत घालू नका, विशेषतः पिशव्या.

झूल धावत्या टाक्याने शिवलेली असली की दोरा ओढताच चौकोन सुटे होतात. ते ज्याचे त्याला परत द्या. त्यासाठी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला चौकोनाच्या मागे स्वतःचं नाव घालायला सांगा.