आशियातल्या तरुण नेत्यांना एकत्र आणून सामायिक प्रश्न खरंच सुटतात का? मी अर्ज करावा का?

तुम्ही विचारलंय की आशियाई देशांतल्या तरुण नेत्यांची जी शिबिरं, परिषदा, फेलोशिप असतात त्यांतून पूर, धूर, वादळं असे सीमा न जुमानणारे प्रश्न पुढे सरकतात का, की ओळखी आणि फोटो यापलीकडे काही हाती लागत नाही. आणि तेविसाव्या वर्षी तुम्ही अशा कार्यक्रमाला अर्ज करावा का. अशा शिबिरांमध्ये चर्चा घडवून आणण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी माझं मत सांगते. तरुणांना ‘आशिया’ या नावाखाली जमवलं की फारसं काही घडत नाही. एकाच नदीच्या, एकाच धुराच्या, एकाच समुद्राच्या काठच्या तरुणांना जमवलं की घडतं. येमेनपासून जपानपर्यंतचा खंड एका सभागृहात बसला की बोलणं आपोआप शाश्वत विकास, सर्वसमावेशकता, नवोन्मेष अशा शब्दांवर येतं. त्यांवर सगळ्यांचं एकमत होतं, कारण त्यात कुणाचंच काही पणाला लागलेलं नसतं. शेवटच्या दिवशी जाहीरनामा निघतो, पण तो कोणत्या खात्यात, कुणाच्या टेबलावर न्यायचा हे ठरलेलं नसल्यामुळे तो तिथेच थांबतो.

आता कोसी नदीचं बघा. ती तिबेटात उगम पावते, नेपाळमधून वाहते आणि बिहारमध्ये गंगेला मिळते. १९५४ च्या भारत-नेपाळ करारानुसार तिच्यावरचा बराज, म्हणजे पाणी अडवणारा-सोडणारा दरवाज्यांचा बंधारा, नेपाळच्या हद्दीत आहे, पण तो आणि लगतचे तटबंध सांभाळण्याची जबाबदारी भारताची, म्हणजे प्रत्यक्षात बिहार सरकारच्या अभियंत्यांची. १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधल्या कुसहा इथे पूर्वेकडचा तटबंध फुटला. नदी आपलं पात्र सोडून पूर्वेच्या जुन्या वाटेनं निघाली आणि एकट्या बिहारमध्ये तीस लाखांहून अधिक लोक तिच्या तडाख्यात सापडले. बराजची रचना साडेनऊ लाख क्युसेक पाण्यासाठी केलेली होती. त्या दिवशी नदीत त्याच्या एक पंचमांशही पाणी नव्हतं. पाणी अफाट आलं म्हणून तो तटबंध फुटला नाही. त्याची झीज दिसत होती आणि दुरुस्ती वेळेत झाली नाही. नेपाळमध्ये लोक म्हणाले, भारतानं देखभाल केली नाही. बिहारमध्ये अधिकारी म्हणाले, नेपाळच्या बाजूनं आम्हाला कामच करू दिलं नाही.

नेपाळच्या सुनसरी जिल्ह्यातला तरुण आणि बिहारच्या सुपौलमधला तरुण या एकाच पुराची अर्धी-अर्धी गोष्ट ऐकत मोठे झालेले असतात. त्यांना एका नकाशाशी बसवलं की पहिला दिवस भांडणात जातो, आणि तो जाऊ द्यावा लागतो. त्यानंतर प्रश्न बदलतात. पाण्याची पातळी कोण मोजतो? तो आकडा आधी कुठे जातो? काठमांडू आणि दिल्लीमार्गे फिरून खालच्या गावात पोचायला किती वेळ लागतो? वरच्या गावातून खालच्या गावाला थेट फोन का जाऊ नये? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालेलं आहे. काठमांडूची इसिमोड ही संस्था १९८३ पासून हिंदुकुश-हिमालयाच्या आठ देशांसाठी काम करते. नेपाळमधून बिहारच्या सीतामढीकडे वाहणाऱ्या रातू या छोट्या नदीवर तिनं गावकऱ्यांचीच पूरसूचना व्यवस्था उभी करायला मदत केली. वर पाणी चढलं की तिथली नेमलेली व्यक्ती सीमेपलीकडच्या माणसाला कळवते. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या माणसांकडे एकमेकांचे नंबर हवेत आणि फोन आला की तो खरा मानण्याइतका विश्वास हवा. तो विश्वास निर्माण करणं हेच शिबिराचं खरं काम आहे, असं मला वाटतं.

दोन पंजाबांचंही तेच. लाहोर आणि अमृतसर यांच्यात पन्नास किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. हिवाळ्याच्या तोंडावर वारा पडतो, गार हवेचा थर जमिनीलगत अडकतो आणि भाताची धसकटं जाळल्याचा, वाहनांचा, कारखान्यांचा, वीटभट्ट्यांचा धूर दोन्हीकडे साचून राहतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाहोरचा हवा निर्देशांक हजाराच्या वर गेला आणि शाळा बंद कराव्या लागल्या. त्याच महिन्यात दिल्लीतही मुलांचे वर्ग ऑनलाइन घ्यावे लागले. दक्षिण आशियातल्या देशांनी हवेच्या प्रदूषणावर मिळून काम करायचं १९९८ च्या माले जाहीरनाम्यातच कबूल केलं होतं. कागद आहे, त्याला हातपाय हवेत.

इथे कुणाला बोलावता यावर सगळं ठरतं. भारतीय पंजाबात २००९ च्या कायद्यानं भाताची लावणी जूनपर्यंत पुढे नेली, भूजल वाचावं म्हणून. हेतू रास्तच होता, पण कापणीही पुढे सरकली आणि गव्हाच्या पेरणीआधी शेत मोकळं करायला शेतकऱ्याच्या हातात दोन-तीन आठवडेच उरले. अशा वेळी काडी लावणं सगळ्यात स्वस्त पडतं. हे गणित ज्यानं घरात पाहिलंय असा शेतकऱ्याचा मुलगा खोलीत नसेल, तर बाकीचे तरुण शेतकऱ्यांना जागरूक करण्याचे ठराव करत बसतात. वीटभट्ट्यांचंही असंच. झिगझॅग पद्धतीत विटा अशा रचतात की गरम हवा नागमोडी फिरते, कोळसा कमी लागतो आणि काळा धूर घटतो. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर भट्ट्या पुन्हा बांधताना ही पद्धत रुजली आणि पाकिस्तानी पंजाबातही भट्ट्या तिच्याकडे वळवल्या गेल्या. हे ज्ञान भट्टीमालक, मिस्त्री आणि तंत्रज्ञांच्या हातांतून पसरतं. म्हणून माझा आग्रह असतो की तरुण नेत्यांच्या यादीत वादविवाद जिंकणाऱ्यांइतकीच जागा भट्टी चालवणाऱ्या घरातल्या मुलीला आणि पाणी मोजणाऱ्या मुलाला असावी.

आग्नेय आशियातल्या धुराबद्दल थोडक्यात. इंडोनेशियातल्या दलदलीच्या जमिनी कालवे खणून कोरड्या केल्या जातात, त्या पेटल्या की आठवडेच्या आठवडे धुमसतात आणि धूर सिंगापूर-मलेशियावर येतो. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेनं त्यावर २००२ मध्ये करार केला. इंडोनेशियानं त्याला मंजुरी दिली २०१४ मध्ये, आणि २०१५ मध्ये पुन्हा भीषण आगी लागल्या. सिंगापूरमधल्या कार्यकर्त्यांनी ‘पीपल्स मूव्हमेंट टू स्टॉप हेझ’ ही संस्था उभारून दुसरं टोक धरलं: आपण वापरतो ते पामतेल कुठल्या जमिनीतून येतं, हे आपल्याच शहरातल्या ग्राहकांना आणि कंपन्यांना विचारायचं. दुसऱ्या देशाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या देशाचा धागा शोधणं मला फार मोलाचं वाटतं.

देश एकमेकांशी बोलतच नाहीत अशी तुमची समजूत असेल तर बंगालच्या उपसागराकडे पाहा. १९७० च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात तीन लाखांहून अधिक माणसं गेली. त्यानंतर जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशिया-प्रशांत आयोग यांच्या छत्राखाली या भागातल्या देशांचं चक्रीवादळ मंडळ तयार झालं. आज त्यात १३ देश आहेत. भारत, पाकिस्तान, इराण, सौदी अरेबिया, म्यानमार सगळे वादळांसाठी एकाच यादीत नावं देतात. २०२१ मध्ये आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या ‘गुलाब’ वादळाचं नाव पाकिस्ताननं सुचवलेलं होतं. संबंध कितीही ताणले तरी वादळाची माहिती थांबत नाही, कारण ती रोजच्या कामाचा भाग झाली आहे. बांगलादेशानं १९७२ पासून किनाऱ्यावरच्या गावोगावी स्वयंसेवक तयार केले. आज ते सत्तर हजारांच्या वर आहेत आणि त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया आहेत. इशारा आला की कुठल्या घरी म्हातारं माणूस आहे हे त्यांना ठाऊक असतं. आशियातल्या तरुण नेतृत्वाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि त्यांतल्या कुणाच्या नावापुढे ‘फेलो’ लिहिलेलं नसतं.

सलग सहवासाचं महत्त्व मला जपान आणि आसियानच्या युवक जहाजानं पटवलं. १९७४ मध्ये सुरू झालेल्या त्या उपक्रमात वेगवेगळ्या देशांचे तरुण आठवडेच्या आठवडे एका जहाजावर राहत, बंदराबंदरात उतरून तिथल्या कुटुंबांत मुक्काम करत. त्यांच्या माजी सदस्यांच्या संघटना देशोदेशी टिकून आहेत. तीन दिवसांच्या परिषदेत हे होऊच शकत नाही. माणसं तिसऱ्या दिवशी कुठे खरं बोलायला लागतात आणि चौथ्या दिवशी विमान असतं. पैसे कमी असतील तर पन्नास जणांना एकदा बोलावण्यापेक्षा त्याच पंधरा जणांना तीनदा बोलवावं, हे मी आयोजकांना सतत सांगत आले आहे.

भाषेचाही प्रश्न आहे. इंग्रजीत अर्ज, इंग्रजीत मुलाखत, इंग्रजीत चर्चा, असं ठेवलं की राजधान्यांतली, एकाच प्रकारच्या शाळांतून आलेली मुलं जमतात; त्यांचं एकमेकांशी आधीच पटतं, पण त्यांच्या गावाला पूर येत नसतो. दुभाष्यावरचा खर्च हा मला सगळ्यात योग्य खर्च वाटतो. नेपाळच्या तराईतला आणि उत्तर बिहारमधला मुलगा मैथिलीत बोलतात, दोन्ही पंजाबांतले पंजाबीत बोलतात. त्यांना इंग्रजीत बोलायला लावणं हा उगाच अडथळा आहे. व्हिसाचं दुखणं त्याहून मोठं. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूत झाली, त्यानंतर झालेली नाही, आणि भारत-पाकिस्तानच्या तरुणांना भेटायचं तर तिसरा देश गाठावा लागतो. अमृतसरच्या मुलीला लाहोरची मुलगी भेटते ती बँकॉकमध्ये, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

आणि एक गोष्ट आयोजक पुरेशा गांभीर्यानं घेत नाहीत. काही देशांत परदेशी लोकांशी संपर्क असणं हेच संशयाला पुरेसं असतं. तुमच्यासाठी जो नुसता ग्रुप फोटो आहे, त्यावरून दुसऱ्या कुणाच्या घरी चौकशी होऊ शकते. परवानगीशिवाय फोटो टाकायचा नाही, कोण काय म्हणालं ते नावानिशी बाहेर सांगायचं नाही, हे पहिल्याच तासात ठरलं पाहिजे. तसं ठरत नसेल तर तुम्ही स्वतः विषय काढा.

तरुणांच्या हाती तसंही काही नसतं, असं कुणी म्हटलं तर गेली काही वर्षं आठवा. २०२२ मध्ये कोलंबो, २०२४ मध्ये ढाका, २०२५ मध्ये काठमांडू: तिन्हीकडे तरुणांच्या आंदोलनांपुढे सत्ताधाऱ्यांना पायउतार व्हावं लागलं. ढाक्यात आंदोलनातले दोन विद्यार्थी नेते काही दिवसांत अंतरिम सरकारात सल्लागार, म्हणजे मंत्र्यांच्या बरोबरीचे, झाले. शिबिरात शेजारी बसलेली व्यक्ती उद्या मंत्रालयात असू शकते, आणि तेव्हा कोसीच्या पाण्याबद्दल तिच्याशी आधी झालेलं एक प्रामाणिक भांडण फार उपयोगी पडतं.

तर अर्ज करावा का? करा, पण आधी आयोजकांना पत्र लिहून विचारा की शिबिर संपल्यावर सहा महिन्यांनी काय होणार आहे, त्यासाठी पैसे ठेवलेत का आणि पैसे कुणाचे आहेत. अमेरिकी सरकारनं २०१३ मध्ये आग्नेय आशियातल्या तरुणांसाठी कार्यक्रम सुरू केला, जपान पन्नास वर्षं पैसा घालत आला, एशिया सोसायटी या अमेरिकी संस्थेचा ‘एशिया २१’ हा तरुण नेत्यांचा उपक्रम २००६ पासून चालतो. देणाऱ्याचा हेतू असणारच. तो माहीत असावा, म्हणजे कोणते विषय मांडले जाणार नाहीत हे आधीच कळतं. अर्जात ‘मला बदल घडवायचा आहे’ असं लिहू नका. तुमच्या भागातला एक प्रश्न घ्या, त्याचं दुसरं टोक कुठल्या देशात आहे ते शोधा आणि तिथल्या माणसाकडून तुम्हाला नेमकं काय हवंय ते लिहा: नोंदी, पद्धत, एखाद्या खात्यातली ओळख. निवड करताना मी असे अर्ज सगळ्यात वर ठेवते.

निवड झाली नाही तरी हे काम थांबत नाही. भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात, त्यांत समुद्रात सीमा चुकलेले मच्छीमार असतात. त्यांची प्रकरणं दोन्हीकडचे वकील आणि कार्यकर्ते वर्षानुवर्षं चिकाटीनं लावून धरतात, आणि त्यांना कागदपत्रं जुळवायला, कुटुंबांशी बोलायला, भाषांतर करायला तरुण माणसं हवी असतात. हवेच्या नोंदी, नद्यांच्या पातळ्या दोन्ही बाजूंच्या सरकारी संकेतस्थळांवर रोज येतात. त्या शेजारी-शेजारी मांडून पाहणारे फार थोडे आहेत. तुमचा विषय कोणता आहे ते खाली लिहिलंत तर पलीकडच्या बाजूला कुठल्या प्रकारच्या माणसांना शोधायचं ते मी सांगू शकेन.