मी घरी नसताना माझा कॉम्प्युटर कोण, किती वेळ वापरतं हे कसं कळेल?

आधी सगळ्यात सोपं बघा: क्रोम उघडून कंट्रोल आणि एच दाबा. साधारण ९० दिवसांची हिस्टरी समोर येते. मात्र इन्कॉग्निटोत, म्हणजे हिस्टरी न ठेवणाऱ्या खासगी विंडोत, उघडलेलं तिथे सापडणार नाही, आणि नववीतल्या पोराला इन्कॉग्निटो माहीत नाही असं समजू नका.

मशीन कधी चालू झालं हे विंडोज स्वतःच लिहून ठेवतं. विंडोजचं बटण आणि आर दाबून eventvwr टाइप करा, एंटर दाबा, की इव्हेंट व्ह्यूअर उघडेल; त्यात 'विंडोज लॉग्ज'खालच्या 'सिस्टम' लॉगमध्ये ६००५ हा क्रमांक शोधा. आमच्याकडे दुपारी २:१० ची नोंद सापडली, तेव्हा घरात फक्त भाचा होता! फास्ट स्टार्टअप (मशीन पूर्ण बंद न करता पुढच्या वेळी पटकन चालू करण्याची विंडोजची सोय) सुरू असेल तर ही नोंद दर वेळी होत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

पण खरा उपाय वेगळाच. सगळे एकाच अकाउंटवर बसत असतील तर कोणी काय केलं हे कुठल्याच लॉगवरून नीट कळत नाही. प्रत्येकाला वेगळं 'स्टँडर्ड' अकाउंट करून द्या, ॲडमिनचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा. मुलांसाठी मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी फुकट आहे. स्क्रीनचा वेळ, ॲप्स आणि एज ब्राउझरवर पाहिलेल्या साइट्स त्यात दिसतात.

कीलॉगर, म्हणजे दाबलेली प्रत्येक की टिपून ठेवणारं सॉफ्टवेअर, मात्र टाकू नका. बायकोचा किंवा भाड्याने राहणाऱ्या मित्राचा बँकेचा पासवर्डही त्यात टिपला जातो, आणि फुकटचे कीलॉगर बऱ्याचदा स्वतःच व्हायरस निघतात. मोठ्या माणसांना तर सरळ सांगूनच टाका की नोंद राहते.