कोकणातल्या घरासाठी सागवानाऐवजी प्लायवूड, एमडीएफ चालेल का?

गुहागरजवळ जांभ्याचे घर बांधत आहोत, सागवान परवडत नाही, तर छप्पर, दारे आणि स्वयंपाकघरातील कपाटांसाठी प्लायवूड, एमडीएफ किंवा ग्लुलॅम (चिकटवलेल्या पट्ट्यांच्या तुळया) वापरावे का, असे आपण विचारले आहे. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू ग्लूने दाबून केलेली फळी, स्वयंपाकघरात मुळीच लावू नका. बाकीच्यांच्या बाबतीत लाकूड कोणते हे नंतर विचारा, आधी ग्लू कोणता ते विचारा.

आमचे राजापूर तालुक्यातील सामाईक घर जूनपासून गणपतीपर्यंत बंद असते. घराची डागडुजी निघाली तेव्हा माळ्याची जमीन आणि भिंतीतील कपाटे आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन (पाण्यात टिकणाऱ्या) प्लायवूडची करावीत, असा मी आग्रह धरला. माझ्या थोरल्या दिरांनी मात्र मुंबईहून तयार ट्रॉल्यांचे स्वयंपाकघर आणून बसवले. वरून चकचकीत लॅमिनेट असले तरी आत पार्टिकल बोर्ड होता, म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा ग्लूने दाबून केलेला, एमडीएफचाच भाऊबंद. पहिल्याच पावसाळ्यानंतर घर उघडले, तर सिंकखालच्या कपाटाचा तळ भाकरीसारखा फुगलेला होता. कोपऱ्यावर बोट दाबताच ओला भुसा सुटून आला आणि बिजागरीचे स्क्रू पकड सोडून हातात आले. त्याच घरात, तोच दमटपणा सोसून, माळ्याची एकही फळी उचललेली नव्हती. तरीही दीर आजतागायत सर्व नातेवाइकांना सांगतात की, हिच्या नकली लाकडाने घराची वाट लावली.

म्हणून मी उरलेले तुकडे चुलीवर उकळत ठेवले. बाजारात ज्याला कमर्शियल म्हणतात त्या एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) प्लायवूडमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइडचा ग्लू असतो, आणि त्याचे पदर संध्याकाळपर्यंत सुटे झाले. मरीनमधील फिनॉल फॉर्मल्डिहाइड पाण्याला दाद देत नाही, म्हणूनच मानकातील चाचणीत त्याला ७२ तास उकळतात. आमचा तुकडा जसाच्या तसा निघाला. दिरांनी आधी 'आज जेवायला प्लायवूडचे सार आहे का' अशी थट्टा केली आणि निकाल पाहिल्यावर 'उकळत्या पाण्यात कोण घर बांधते' असे म्हणून विषय संपवला. पार्टिकल बोर्ड आणि मरीन प्लायवूड यांना एकाच नावाने नकली म्हणणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे खरे. पण गप्प बसले की त्यांचेच म्हणणे घरात खरे ठरते.

दारांसाठी आयएस २२०२ मानकाचे फ्लश डोअर (दोन्ही बाजूंनी सपाट पत्र्याचे लाकडी दार नव्हे, तर प्लायवूडने मढवलेले सपाट दार) आतल्या खोल्यांना चालेल, न्हाणीघराला मात्र लावू नका. सुतार दाराची खालची कड रंग न लावताच सोडतो आणि पाणी तिथूनच वर चढते. चौकटी फणसाच्या किंवा आईनाच्या कराव्यात.

छपरासाठी ग्लुलॅमचा विचार सोडा. लाकडाच्या पट्ट्या एकाच दिशेने चिकटवून केलेल्या या तुळयांवर नॉर्वेत २०१९ साली ८५.४ मीटर उंचीची म्योस्टॉर्नेट ही इमारत उभी राहिली, त्यामुळे त्यांच्या ताकदीबद्दल शंका नाही; परंतु कौलारू छपराचे अंतर लहान असते आणि तेवढ्यासाठी किंजळ किंवा आईनाचे वासे पुरतात.

मरीनबाबतही काही पथ्ये आहेत. ती फळी जांभ्याच्या भिंतीला टेकवू नका, कारण पावसाळ्यात जांभा ओल धरतो. मागे बोटभर फट ठेवा. कापलेली प्रत्येक कड प्राइमरने बंद करून घ्या. आयएसआयचा नुसता शिक्का पाहून पैसे देऊ नका, त्याखालील परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासा. प्लायवूडवर औषधप्रक्रिया झालेली असली तरी पायाची वाळवीप्रतिबंधक फवारणी चुकवू नका.

आणि आपल्याही घरात कोणी मुंबईहून तयार ट्रॉल्या आणण्याचा हट्ट धरत असेल, तर दर जुलैमध्ये येऊन घर उघडण्याची आणि कपाटे पुसण्याची जबाबदारी आधी त्यांच्याकडून लिहून घ्या. आमच्याकडे तेवढेच राहून गेले, आणि नव्या कपाटांच्या खर्चातील दिरांचा वाटा अजून यायचा आहे.