यवतमाळकडच्या खेड्यात ‘द गॉडफादर’ उघड्यावर दाखवायचा तर काय तयारी लागते?

डिसेंबरात, वाचनालयाच्या पटांगणात, शंभरेक माणसांसाठी, असं विचारलंय तुम्ही. जमेल, पण या सिनेमाला पहिली अडचण उजेडाची. कॅमेरामन गॉर्डन विलिसने डॉनच्या खोलीतली दृश्यं मुद्दाम अंधारी टिपलीत. प्रकाश डोक्यावरून येतो, डॉन झालेल्या ब्रँडोचे डोळे सावलीत राहतात. पटांगणातला एक खांबावरचा दिवा चालू राहिला तरी सुरुवातीचं बाहेरचं लग्न झकास दिसेल आणि आतला सौदा नुसता राखाडी. ग्रामपंचायतीला सांगून तो दिवा बंद ठेवा. आदल्या रात्री चाचणी घ्याल ती गाण्यावर नको, याच सिनेमाच्या पहिल्या दहा मिनिटांवर घ्या.

10 फूट रुंद पडद्याला किमान 3000 एएनएसआय लुमेनचा (उजेड मोजायचं प्रमाणित माप) प्रोजेक्टर हवा. खोक्यावर नुसते ‘लुमेन’ छापलेले स्वस्तातले घेऊ नका, तो आकडा फुगवलेला असतो. कापड एकेरी असेल तर उजेड आरपार जातो, मागे काळं कापड बांधा.

सिनेमा 175 मिनिटांचा आणि भोंगा रात्री 10 नंतर बंद. सव्वासहाला सुरू केला तर मध्यंतर धरून साडेनऊला सुटतो. मे महिन्यात हे गणित बसत नाही, अंधारच सातनंतर पडतो.

मध्यंतर रेस्टॉरंटमधल्या गोळीबारानंतर घ्या, साधारण दीड तासाला येतो. डॉनचा मुलगा मायकेल तिथे गोळ्या झाडतो; त्याने हे बापासाठी केलं की स्वतःसाठी, यावर चहाच्या टपरीवर वाद होणारच. माझ्या मते निवड त्याआधीच झालेली असते. दवाखान्याबाहेर बेकरीवाल्या एन्झोचा हात थरथरतो, मायकेल त्याची सिगारेट पेटवून देतो आणि स्वतःचा स्थिर हात पाहतो. हे अंधुक पडद्यावर हुकतं, म्हणून उजेडाचा एवढा आग्रह.

मराठी सबटायटल कुणाकडून करून घेणार असाल तर फाइल यूटीएफ-8 मध्ये जतन करा, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. रेस्टॉरंटमधलं इटालियन बोलणं मूळ सिनेमातही भाषांतराविना आहे, ते तसंच सोडा.

लाइन जाईल हे धरूनच चला. प्रोजेक्टर आणि स्पीकर मिळून साधारण 450 वॅट धरले, तर इन्व्हर्टरची 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) एक बॅटरी सिनेमाभर पुरत नाही, दोन लावा. दिव्याचा प्रोजेक्टर गरम असताना झटक्यात बंद पडला की दिव्याचं आयुष्य घटतं आणि थंड होईपर्यंत तो लवकर पेटतही नाही.

जाहीर खेळाला हक्कदाराची परवानगी लागते, घरचं ओटीटी खातं चालत नाही. रक्तपात आणि एक उघडं दृश्य आहे, तेव्हा लहान पोरं घरीच बरी.